शेरा : वहिवाट नाही

चोगले नानांना डोंगर आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांच्याबरोबर टेहळा किल्ल्यावर जाऊन आलेले लोक अजूनही कुठे भेटले की म्हणतात, "काय वेड होतं हो त्यांना डोंगराचं!" आणि मला हसू आवरत नाही. नाना बंदरावरच्या कोळीवाड्यातले. वडील मचव्यावर नाखवा. डोंगर ही समुद्रातून घरी परतताना लांबून बघायची गोष्ट आहे, खूण पटली की होडी वळवायची आणि विसरून जायचं, वर चढून घाम गाळण्यासारखं त्यात काही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ते डोंगर चढता चढताच, धापा टाकत ऐकवायचे.

माझं म्हणाल तर मी किहीमचा, नारळाच्या वाडीत वाढलेला. उंचीशी माझा संबंध माडापुरता, आणि माडावर चढणारा माणूसही आमच्याकडे दुसराच असायचा. असा मी दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी एक किल्ला चढत होतो, तो निव्वळ या माणसापायी. आता नाना नाहीत. माझे गुडघे मात्र अजून रविवार उजाडला की कुरकुरतात.

नाना सरकारी मोजणीदार होते. जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, नकाशे काढायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून बदलून आलो तेव्हा त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. बुटके, काळेसावळे, पँटचे पाय मोज्यात खोचलेले आणि खिशात कायम खडूचा तुकडा. "माझं पाऊल अडीच फुटाचं," ते सांगायचे. "चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट. टेपला ताण येतो, साखळी झिजते, पाऊल झिजत नाही." चहाला निघालो की ते तोंडातल्या तोंडात मोजत चालायचे. मध्येच कोणी हाक मारली तर बघायचे नाहीत, नुसता पंजा वर करायचे. मोजणी संपली की वळून विचारायचे, "हं, काय म्हणत होतात?" तोवर हाक मारणारा निघून गेलेला असायचा. एकदा चहावाल्यासमोर उभे राहून ते गंभीरपणे म्हणाले, "तुझी टपरी पावसाळ्याआधी होती त्यापेक्षा नऊ पावलं पुढे आली आहे." बिचाऱ्याने त्या दिवशी आम्हा दोघांना चहाबरोबर खारी बिस्किटंही दिली.

मला ते "काय वाडीवाले" म्हणायचे. त्यात चिडवणं होतं आणि माया पण होती.

ते निवृत्त झाले. वर्षभरात माझ्या टेबलावर पांगारकोंड गावचा एक अर्ज आला. पांगारकोंड म्हणजे टेहळा किल्ल्याच्या पायथ्याचं, चाळीसेक उंबऱ्यांचं गाव. माणगावहून म्हसळ्याकडे येताना फाटा फुटतो, तिथून आत. टेहळा काही मोठा किल्ला नव्हे. खाडीवर नजर ठेवायला बांधलेला, दोन बुरूज, पाण्याचं एक कोरीव टाकं आणि टाक्याच्या काठी टेहळाई देवी. पण वरून एका अंगाला घाटाच्या रांगा आणि दुसऱ्या अंगाला खाडीपासून थेट समुद्र दिसतो. त्यामुळे अलीकडे मुंबई-पुण्याची मंडळी तिकडे यायला लागली होती. अर्ज साधा होता. पायथ्याची जमीन एका बाहेरच्या गृहस्थांनी घेतली, खांब पुरले, तार ओढली आणि किल्ल्याची वाट कुंपणात गेली. आम्ही देवीला कसं जायचं?

असा अर्ज आला की कचेरीत पहिलं काम म्हणजे नकाशा बघणं. वाट नकाशावर असेल तर तुटक रेषा असते. पांगारकोंडच्या नकाशावर रेषा नव्हती. जुन्या मोजणीचं टिपण काढलं. त्यात टेहळ्याच्या पायथ्याशी, मोत्यासारख्या अक्षरात, शेरा होता : "किल्ल्याकडे जाणारी वहिवाट नाही." खाली सही, ह. चोगले.

वहिवाट म्हणजे माणसांची रोजची ये-जा, वापर. ज्या वाटेला वहिवाट नाही तिला आमच्या दप्तरात जीव नाही. चार शब्दांचा शेरा, आणि त्यावर गावचा अर्ज निकाली निघणार होता.

मी त्या पानाची नक्कल घेऊन संध्याकाळी नानांकडे गेलो. ते ओट्यावर जाळं शिवत बसले होते. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अक्षर चांगलं होतं माझं," ते म्हणाले.

चोगलेकाकू चहा घेऊन आल्या आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून कप ठेवून आत गेल्या.

"शिमग्याचा आदला दिवस होता," नाना सांगायला लागले. "नोकरीला दोनच वर्षं झालेली. सगळी मोजणी झाली, तेवढा तो कोपरा राहिला. पांगारकोंडची चारची बस चुकली असती तर शिमगा गेला असता. आणि शिमग्याला घरी नाही तो कोळी कसला! एक बाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. तिला विचारलं, ह्या वाटेनं कोण जातं? ती म्हणाली, कोन न्हाय जात. मी शेरा मारला, मोजणीचं टेबल मिटलं आणि पळालो. मागून ती आणखी काहीतरी बोलत होती. मी वळून बघितलं नाही."

"काय बोलत होती?"

"तेच तर मी ऐकलं नाही, वाडीवाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते पांगारकोंडला गेले. मीही गेलो, रजा टाकून. ती बाई अजून होती. ठमाबाई. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. नाना तिच्या अंगणात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, मी तो मोजणीवाला. तुम्हाला वाट विचारली होती. तुम्ही म्हणालात, कोणी जात नाही."

ठमाबाईला मोजणी आठवत नव्हती, शिमगा आठवत नव्हता, नाना तर मुळीच आठवत नव्हते. पण प्रश्न तिला समजला.

"व्हय, कोन न्हाय जात," ती म्हणाली. "देवाला जातांव तेवडंच. चैताला जातांव, लगीन झालं की नवरा-नवरीला घेऊन जातांव, पोर झालं की जातांव. त्या बिगार कोन कशाला जातंय? वर काय शेत हाय?"

नाना तिथेच अंगणात खाली बसले. त्या गावात जाणं म्हणजे कामाला जाणं. देवाला जाणं हे जाण्यात धरतच नाहीत, जसं जेवणं हे कामात धरत नाहीत. सगळा गाव पिढ्यान् पिढ्या त्या वाटेनं जात होता, आणि म्हणत होता की कोणी जात नाही.

"तुमी पुढचं आयकलं न्हाय वाटतं," ठमाबाई म्हणाली. रागावून नव्हे, सहज.

"नाही ऐकलं, आजी," नाना म्हणाले. "आता ऐकतो."

तिथून नानांनी जे धरलं ते सोडलं नाही. मी त्यांना कचेरीतला अनुभव सांगितला, की असे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, शेरा एकदा पडला की तो पुसणं महाकठीण. ते म्हणाले, "पुसू नका. शेरा खोटा पाडायचा आहे. तोवर वाट चालती राहिली पाहिजे. गवत वाढलं, पाय पडले नाहीत, तर माझा शेरा आपोआप खरा होईल."

पहिली अडचण कुंपणाची. जमिनीचे मालक नवी मुंबईचे, चाळिशीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, लिंबू सरबत दिलं. "अंकल, मी प्रॉपर मॅप बघूनच जमीन घेतली ना. त्यात रस्ता आहेच नाही. उद्या कोणपण आत घुसेल, मग सिक्युरिटीचं काय?"

"नकाशा बघितलात ते बरोबर केलंत," नाना म्हणाले. "काढणारा चुकला. तो मी."

गृहस्थ बघतच राहिले. दुसऱ्यांच्या चुका घेऊन आलेले लोक त्यांनी पुष्कळ बघितले असतील. आपलीच चूक घेऊन दारात आलेला म्हातारा त्यांना नवा होता.

"मी कचेरीत तसं लिहून देणार आहे. निकाल काय लागेल तो लागेल. तोवर एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट कुंपणात ठेवा. तुमच्या गुरांना त्रास नको, कुत्र्यांना नको. दर रविवारी मी येईन आणि माझ्याबरोबर जो येईल त्याच्या वागण्याला मी जबाबदार."

"आणि निकाल माझ्या बाजूने लागला तर?"

"तर फट मी स्वतः तारेने शिवून देईन. जाळी शिवता येतात मला."

गृहस्थ हसले आणि फट मिळाली. नानांनी लगेच पावलांनी मोजून खडूने खांबावर खूण केली. मालकांचं मन बदललं तरी जागा बदलू नये म्हणून.

मग रविवार सुरू झाले. सकाळी सातच्या बसने नाना पांगारकोंडच्या थांब्यावर उतरायचे. पाठीवर पिशवी, पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, एक विळा, एक आखूड खराटा आणि शाळकरी मुलांची असते तशी एक वही. सुरुवातीला बरोबर मी आणि गावातली दोन माणसं. पुढे डोंगर हिंडणाऱ्या मंडळींच्या फोनवर निरोप फिरला, की टेहळ्याला रविवारी एक काका घेऊन जातात. लोक यायला लागले. त्यांच्या फोनमध्ये वाट दिसत नव्हती. कोणी तक्रार केली की नाना म्हणायचे, "फोनला कोणी सांगितलं? माझ्या नकाशाने सांगितलं. तो बिचारा काय करणार!"

ते वाटाडे म्हणून अगदीच वाईट होते, हे मी प्रेमाने सांगतो. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली आणि लोक कॅमेरे काढायला लागले, तर यांचा पंजा वर : मोजणी चालू आहे. झाडावर शेकरू दिसलं तरी तेच. करवंदांच्या जाळीशी कोणी रेंगाळलं तर म्हणायचे, "येताना खा. येतानाही ती तिथेच असतील, करवंदं काय बसने जातात?" वर पोचल्यावर सगळे खाडीकडे आणि पलीकडच्या निळ्या समुद्राकडे बघून गप्प व्हायचे आणि नाना म्हणायचे, "बघून घ्या. खालून हेच उलटं दिसतं आणि चढावं लागत नाही."

एकदा नवी मुंबईची पोरं-पोरी आली होती. त्यांचा म्होरक्या पाठीला मोठी पिशवी, हातात काठी असा सगळा सरंजाम घेऊन आलेला. तो नानांना म्हणाला, "काका, मी आजवर चाळीस किल्ले केलेत. हा एकेचाळिसावा."

"तुम्ही केलेत?"

"हो."

"गवंडी आहात का?"

पोरं खो खो हसली. म्होरक्याही हसला, जरा उशिरा. नाना मात्र हसले नाहीत. "किल्ला ज्यांनी केला ते गेले. आपल्याला करण्यासारखं आता एकच आहे. चालणं. ते नीट करा." आणि त्याच्या हातातली काठी घेऊन त्यांनी विळा दिला. त्या मुलाने त्या दिवशी अर्धा तास गवत काढलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

अर्धा तास गवत काढणं हे नानांकडे यायचं तिकीट होतं. सांगायचे, "कुदळ लावायची नाही. दगड हलवायचा नाही. विळा आणि खराटा, बास." त्यांना कसला तरी संशय होता. त्या वाटेच्या चढाची सुरुवात फार सरळ होती. "गुरांची वाट अशी जात नाही, माणसांनी आखलेली जाते," ते म्हणायचे. आठ-नऊ रविवार गवत आणि माती झाडल्यावर, कुंपणाच्या आतल्याच बाजूला, खराटा कातळाच्या कडेला अडकला. आणखी झाडलं तेव्हा दिसली ती पायरी. कोरलेली. मधोमध झिजून खोलगट झालेली. त्या खोलगट जागेवर नानांनी पंजा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पुढे वर्षभरात तशा एकवीस पायऱ्या मोकळ्या झाल्या. प्रत्येकीला त्यांनी खडूने नंबर घातला होता आणि प्रत्येक पावसात तो धुऊन जायचा. पुन्हा घालायचे.

आता त्या वहीबद्दल. वर पोचल्यावर प्रत्येकाने वहीत लिहायचं : नाव, गाव, कोणत्या वाटेने आलो आणि येण्याचं कारण. लोक कारणाच्या रकान्यात काय वाटेल ते लिहायचे. फिरायला. ट्रेकिंग. फोटो. वजन कमी करायला. एकाने लिहिलं होतं, बायकोने आणलं. गावातली माणसं लिहायची, देवाला. ही वही पुढे कचेरीत पुरावा म्हणून द्यायची होती, म्हणून नाना तिला जपायचे. भाकरी खाल्लेल्या हाताने वहीला शिवायची कोणाची टाप नव्हती.

मला कचेरीच्या सवयीने पानं चाळायची खोड. एका श्रावणातल्या रविवारी मी गेलो नव्हतो. माझीच काय, कोणाचीच घराबाहेर पडायची छाती नव्हती असा पाऊस होता. पुढच्या खेपेला वही उघडली तर त्या तारखेखाली लिहिलं होतं, "कोणी नाही." अक्षर नानांचं, पाण्याने पसरलेलं.

"तुम्ही गेला होता?"

"मग? रविवार होता."

"असल्या पावसात, एकटे? आणि मग तुमचं नाव का नाही लिहिलंत? कोणी नाही असं कसं?"

मी मागची पानं उलटली. पहिल्या रविवारपासून एकाही पानावर चोगल्यांचं नाव नव्हतं. नाना वही माझ्या हातातून घेत म्हणाले, "साक्षीदारांच्या यादीत आरोपीचं नाव घालतात का, वाडीवाले?"

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळे टाक्याशी गेले की देवीच्या पाया पडत. नाना वर माचीवरच्या शेवटच्या पायरीशी थांबत आणि तिथूनच सगळ्यांच्या पाठी मोजत. देवीपर्यंत तिथून बारा पावलं होती. ते अंतर त्यांनी मला सांगितलं होतं, पण दुसऱ्या कोणाला तरी चालायला लावून मोजलेलं होतं.

त्यांच्या छातीत दुखायला लागलं ते दुसऱ्या वर्षी. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला. चोगलेकाकू माझ्यावरच उखडल्या, "तुमी तरी सांगा! समुद्रावर गेला असता जनमभर, तर निदान मासं तरी आलं असतं घरी. हा डोंगरावरनं काय आणतोय? गवताची कुसळं!" मी सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हळू चढेन. पाऊल दोन फुटाचं धरू." रविवारी सातच्या बसने ते हजर होते, आणि खरोखरच पावलं दोन फुटांची टाकत होते. शंभर फुटांना पन्नास. मोजणी चुकली नव्हती.

शेवटी नानांच्या लेखी कबुलीवरून स्थळपाहणीचा हुकूम निघाला. पौषातली सकाळ होती. मंडळ अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर मोजणीच्या मॅडम, पंचविशीच्या, तीन पायांच्या घोडीवरचं नवं यंत्र घेऊन. सगळा गाव कुंपणाशी जमला. मालकही आले होते. गावकऱ्यांनी आदल्या दिवशी नानांना विचारलं होतं, आमी काय सांगायचं? नाना म्हणाले होते, "मी कोणाला काही शिकवणार नाही. शिकवलेली साक्ष मोजणीत टिकत नाही. खरं सांगा, आणि पुरतं सांगा."

मॅडमनी पायऱ्या बघितल्या, मोजल्या. वही बघितली. मग त्या म्हणाल्या, "वही दोन वर्षांची आहे. मला जुनी वहिवाट पाहिजे. गावात सगळ्यांत वयस्कर कोण?"

ठमाबाईला खुर्चीवर बसवून आणलं होतं. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, गुडघ्यावर कागद घेतला आणि विचारलं, "आजी, या वाटेने कोण जातं?"

ठमाबाई म्हणाली, "कोन न्हाय जात."

मालकांनी मान वर केली. गावातली दोन माणसं एकदम ओरडायला निघाली, मीही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ऐनाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या नानांचा पंजा वर गेला. तोच, मोजणी चालू असतानाचा. आम्ही गप्प झालो. नानांचे ओठ हलत होते, पण या वेळी ते मोजत नसावेत.

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. कागदाकडेही बघितलं नाही. ठमाबाईच्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, "मग?"

"मंग काय? देवाला जातांव तेवडंच. माझी सासू जायची. तिची सासू जायची. मी लगनाची आले तवा पयल्यांदा ह्याच पायऱ्यांवरनं गेले, शालू सावरत. माझी पोरं पाठीला बांधून नेली. आमचं समदं गाव जातंय देवाला. बाकी कोन न्हाय जात."

मॅडम लिहीत राहिल्या. त्यांना ते लिहायला बराच वेळ लागला. मी नानांकडे बघितलं. त्यांनी झाडाकडे तोंड फिरवलं होतं आणि खांदे हलत होते. दोन वर्षं मी त्यांना धापा टाकताना बघितलं, घामाघूम बघितलं, पावसात भिजून काकडताना बघितलं. रडताना तेवढंच एकदा. एक "मग?" विचारायला किती वेळ लागतो, हे आयुष्यभर फुटांत मोजणाऱ्या त्या माणसाने त्या सकाळी मोजलं असेल.

निकाल यायला उन्हाळा उजाडला. मालकांनी अपील केलं नाही. उलट फटीच्या जागी लाकडाचं झुलतं फाटक करून दिलं. मी दुरुस्त नकाशाची नक्कल घेऊन नानांच्या ओट्यावर गेलो. पायथ्यापासून टाक्यापर्यंत बारीक तुटक रेषा होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. नानांनी चष्मा पुसला आणि रेषेवरून नख फिरवलं, खालून वर आणि पुन्हा वरून खाली.

"झालं, नाना," मी म्हणालो. "जिंकलात. आता रविवारी झोपा जरा उशिरापर्यंत. मीही झोपतो."

"हं," ते म्हणाले.

मी सुटलो अशा समजुतीत होतो. तरी रविवारी सकाळी मला झोप लागेना. शेवटी उठलो आणि सातची बस गाठली. नाना आधीच पुढच्या बाकावर बसले होते. पिशवी, विळा, खराटा, वही.

"आता कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "वाट नकाशावर आली ना?"

"नकाशावर आली म्हणून लोक चालायचे थांबले, तर गवत दोन पावसाळ्यांत झाकून टाकील. मग पुढच्या मोजणीला येईल कोणीतरी. त्याला शिमग्याला घरी जायचं असेल." त्यांनी तिकिटासाठी हात वर केला. "दोन पांगारकोंड."

त्या दिवशी बरोबर दुसरं कोणी नव्हतं. चढायला आम्हाला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. तीनदा बसले. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. एकविसावी पायरी आली, मग माचीवरची शेवटची. मी सवयीने पुढे झालो आणि टाक्यातल्या गार पाण्याने तोंड धुतलं. वळलो तर नाना पायरीवर बसून वहीत लिहीत होते. मला वाटलं, तारीख घालत असतील. माझी पाळी आली म्हणून वही घेतली.

पान कोरं होतं, वर फक्त एक ओळ. तेच मोत्यासारखं अक्षर. हरिश्चंद्र चोगले. गाव, बंदर कोळीवाडा. वाट, पायऱ्यांची. आणि कारणाच्या रकान्यात : देवाला.

मी मान वर केली तेव्हा ते चपला काढून निघाले होते. त्यानंतर मी अलिबागला बदलून गेलो आणि पावसाळ्यात नाना गेल्याचा निरोप आला, त्यामुळे माझ्याजवळ शेवटचे आहेत ते हेच नाना : पँटचे पाय मोज्यात खोचलेले, ऊन पाठीवर, हात जोडलेले, आणि शेवटच्या पायरीपासून देवीकडे चाललेले. बारा पावलं. मी हाक मारली, "नाना, सावकाश."

पंजा वर गेला नाही. ते चटकन वळले आणि म्हणाले, "हं, काय म्हणत होतात?"